दोन बोटं

ऐंशी युरो, आणि वर एक कॉफी.
ओदीलनं सायकल कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून काढली,
हँडलच्या टेपवर पांढरे वाळलेले ठिपके,
रंग जिथे उरला होता तिथे निळा.
"कधीची?"
"माझ्या थोरल्या मुलीच्या आधीची," तो म्हणाला,
"आणि तिच्यापेक्षा कमी कुरकुरते."

सीटखालची नळी फ्रेममध्ये धरून बसलेली.
तेल सोडलं, ठोकलं, शिव्या घातल्या,
आधी त्यानं, मग मी.
हलली नाही.
म्हणजे बसायचं ते ओदीलच्या उंचीवर,
माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त.
पेडल तळाला गेलं की मी चवड्यावर,
वरच्या फळीवरचा डबा काढायला जावं तशी.

बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय.
आउडेनार्डेभोवतीचे रस्ते पाठ आहेत म्हणायचे.
काचेआडून चढ कळत नाही,
वारा तर नाहीच नाही.
पहिल्या रविवारी स्हेल्डेच्या काठानं निघाले
आणि पहिल्याच पुलापाशी कळलं,
या सपाट मुलखात डोंगर आहे तो वाऱ्याचा,
आणि तो रोज जागा बदलतो.

गिअरच्या कांड्या खाली, फ्रेमच्या दांड्यावर.
बदलायचा तर एक हात सोडावा लागतो.
मी सोडलाच नाही.
तीन आठवडे एकाच गिअरवर,
उतारावर पाय भिरभिरतायत,
चढावर मी खाली उतरून ढकलतेय.
सोमवारी बसमध्ये मागच्या सीटवरून युरे ओरडला,
"काल तुम्ही सायकलला फिरायला नेलं होतं ना?"
सगळी बस हसली. मीही, आरशात.

मग एकदा क्लबचे सोळा जण
माझ्या कोपराला वारा लावून गेले,
आणि त्यांच्यामागे, बरीच मागे, हेर्लिंडे,
साठीची, जर्सीच्या खिशात केळं.
माझ्या बाजूला आली, थोडा वेळ नुसतं ऐकलं.
"त्या कांडीकडे बघू नकोस," म्हणाली,
"रस्त्याकडे बघ. कांडीला कान दे.
खरखर थांबली की बसला."
आणि गेली.

सोडला हात.
सायकल डावीकडे झुकली, मक्याच्या शेताकडे,
साखळी खरखरली, खरखरली,
आणि गप्प.
मी मोठ्यानं काहीतरी म्हणाले.
कुंपणामागच्या गाईनं मान वर केली.

गिरणीचा चढ मात्र चारदा चालतच.
ओबडधोबड दगड, दात खुळखुळतात,
बाटली उडून गटारात जाते.
पाचव्यांदा वरपर्यंत, पण कशी ते विचारू नका.
वर बाकावर एक म्हातारी फ्राइज खात बसलेली.
तिनं डबी पुढे केली.
तेवढंच.

नोव्हेंबरात दुकानातल्या पोरानं
अमोनिया ओतून नळी दोन रात्री भिजत ठेवली.
तिसऱ्या सकाळी ती सुटली
दार करकरावं तशी.
दोन बोटं खाली घेतली.
पाय टेकले. गुडघे निवले.
जुन्या उंचीवर गंजाची एक रेघ होती,
ती पुसायला घेतली आणि तशीच राहू दिली.

ओदीलला दाखवायला नेली.
त्यानं काठी भिंतीला टेकवली,
मी हँडल धरलं, त्यानं दुखरा खुबा सावरत पाय पलीकडे टाकला,
हळू, शेजारणीच्या पडद्याकडे एक नजर टाकून.
बसला. पाय सोडले.
दोन्ही टाचा पेडलवर नीट टेकल्या.
बराच वेळ खाली बघत राहिला.
"दोन बोटं," म्हणाला. "मीही तेवढाच उतरलोय."

मग कॉफी. या वेळी बिस्किटासकट.
"वारा कुठून होता आज?"
"समोरून."
"जाताना?"
"येतानाही."
त्यानं मान हलवली,
एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाची
खुशाली कळावी तशी.